विहीणबाईंचे केस आणि निबंधाची सुरुवात

पार्लरवाल्या ताईंनी पन्नाशीत कॉलेजात नाव घातलं, तेव्हा घरच्यांना कोण कौतुक! पण विहीणबाईंच्या कानावर जाता कामा नये, अशी ताईंची सगळ्यांना तंबी होती. लेकीची सासू म्हणजे साहित्याची निवृत्त प्राध्यापिका. "चष्म्यावरून बघतील नि माझी पार सालटी काढतील," ताई म्हणायच्या.

आज निबंधाची सुरुवात काही केल्या जमत नव्हती. विषय होता एका कथेतला पूर्वग्रह. 'पूर्वग्रह ही समाजाला लागलेली कीड आहे' हे वाक्य लिहून खोडून कागदाची पार चाळण झाली होती. तेवढ्यात दार ढकलून खुद्द विहीणबाईच आत आल्या.

"केस कापायचेत. वेळ आहे ना?"

ताईंनी घाईघाईने कागद टॉवेलखाली सारला. आणि विहीणबाईंनी नेमका तोच टॉवेल उचलला! ताईंचं तोंड एवढंसं झालं.

"अगंबाई, तुम्ही शिकताय? नि मला पत्ता नाही!" विहीणबाई कागद वाचत खुर्चीत टेकल्या. "ही कथा काही मी वाचलेली नाही. सांगा बघू, काय होतं तिच्यात?"

कात्री हातात आली तशी ताईंची जीभ सुटली. "अहो, खोली बघायला आलेला माणूस तोंड उघडायच्या आत घरमालकीण त्याला चोर ठरवून मोकळी होते. का, तर शर्ट उसवलेला आणि बूट मात्र महागडे! मग कथाभर तो निकाल फिरवताना बाईची नुसती तारांबळ."

"थांबा!" विहीणबाई ओरडल्या. ताईंना वाटलं, कानच कापला. "हेच लिहा. याच शब्दांत. प्रसंग आला, तुमचं म्हणणं आलं, आणखी काय हवं सुरुवातीला?"

ताई कात्री ठेवून लिहायला बसल्या आणि मध्येच खुदकन हसल्या. "खरं सांगू? तुम्ही हसाल म्हणून लपवत होते."

"आणि मी इतके महिने इथे न येता केस वाढवून बसले, तुम्ही माझ्या अवताराला नावं ठेवाल म्हणून!"

दोघी हसून हसून बेजार झाल्या. बाहेर ताटकळलेले व्याही आत डोकावले. बायकोचे केस एकीकडे खांद्यापर्यंत, दुसरीकडे कानापर्यंत.

"अजून किती वेळ?"

"दुसरा परिच्छेद होईपर्यंत," विहीणबाई ऐटीत म्हणाल्या.