आरशातले मोदक

नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या त्या घरात स्वयंपाकघराला दार नव्हतं आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

आसावरीला व्हिक्टोरियन चित्रांतल्या आरशांवर संशोधन करायला आणखी दोन वर्षं मिळत होती. तिला ती जिवापाड हवी होती. पण सासूबाईंनी, म्हणजे सरलाताईंनी, येत्या जानेवारीत दोघांनी पुण्याला परतायचं असं ठरवून टाकलं होतं. "आईला तूच पटव," असं म्हणून कुणाल मोकळा झाला.

सरलाताईंना पटवणं म्हणजे काही खायचं काम नव्हतं. आसावरीने फोनवर आधी विषयच समजावून सांगितला. "आई, चित्रातली बाई अगदी साळसूद बसलेली असते आणि लपवायचं ते नेमकं मागच्या आरशात दिसतं. म्हणून बाईकडे नाही, आधी आरशाकडे बघायचं."

"बरं. आणि या अभ्यासापायी गणपतीला नैवेद्य तरी होणार आहे का?"

"एकवीस मोदक करणारे, उकडीचे!" आसावरीने ठोकून दिलं. जन्मात तिने उकडीला हात लावला नव्हता.

चतुर्थी रविवारी आली. मोदक एकवीसच झाले, पण केले कुणालने. आसावरी नारळ खवायला बसली आणि बोट खरचटून उठली. पहिला घाणा उतरताच नऊवारी नेसून, ताट हातात घेऊन ती गणपतीशेजारी उभी राहिली, टायमर लावून फोटो काढला आणि पुण्याला ई-मेल केला, 'आई, माझे मोदक!'

दुसऱ्या दिवशी तिने तो फोटो मोठा करून पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. गणपतीच्या वर, भिंतीवर, फुगीर गोल आरसा होता. जुन्या चित्रांत असतो तसाच, म्हणून तिनेच तो, तिथे राणीच्या वाढदिवसाला रस्त्यावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो त्यात, हौसेने घेतलेला. त्यात अख्खी खोली मावली होती. समोरचा ओटा, ओट्यावरचं मोदकपात्र आणि सोवळ्यावर एप्रन बांधून मोदकाच्या कळ्या पाडणारा कुणाल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तेवढ्यात फोन वाजला. गेली ती दोन वर्षं हातची, असं म्हणत तिने तो उचलला.

"फोटो पाहिला," सरलाताई म्हणाल्या. "आधी आरशाकडे बघितलं. तूच सांगितलं होतंस ना?"

"आई, चुकलं माझं. मोदक कुणालने केलेत."

"ते मला कळ्यांवरूनच कळलं. माझे मोदक जन्मभर फुटतच आले, गं. आठवीत असल्यापासून आमच्याकडे तोच करायचा. माझ्या सासूबाई मात्र शेवटपर्यंत माझ्या हाताचं कौतुक करत राहिल्या."

आसावरीला हसावं की रडावं कळेना. "पण तो मला कधी बोलला नाही!"

"शपथ घातली होती मी त्याला."

"आणि घरात कुणी पाहिलं नाही?"

"आमच्या स्वयंपाकघराला दार होतं." सरलाताईंनी आवाज खाली आणला. "हे बघ, दोन वर्षं खुशाल राहा. पण पुढच्या चतुर्थीला त्याला इकडे पाठव. विकतचे मोदक घरचे म्हणून वाढतेय मी, माझ्या जावेला संशय यायला लागलाय."

"पाठवते, आई. नक्की! पण तो फोटो कुणाला दाखवू नका हं."

"दाखवला की! छापून आणला, कात्रीने आरसा तेवढा कापला आणि जावेच्या हातात दिला. म्हणाली, सुनेच्या हाताला अगदी तुमचंच वळण आहे."