चष्मेवालीला विचारलेले पाच प्रश्न

अरे, तू नुसतं ऐक, मध्ये बोलू नकोस! एका शाळेत गणिताच्या बाई होत्या. कडक, पण मनाने चांगल्या हं, उगाच व्हिलन करू नकोस त्यांना. त्या दिवशी चारच्या आत ऑफिसात यादी द्यायची होती: परीक्षेत अवघड पेपर कोण देणार, सोपा कोण. आणि एकदा सोपा दिला की पुढे सायन्सचं दार बंद! बाईंनी पाच मिनिटांत यादी हातावेगळी केली. वर्ग तोंडपाठ होता ना.

महिनाभर त्यांच्या वर्गात मागे बसणारी एक शिकाऊ शिक्षिका होती. ती चाचरतच म्हणाली, "बाई, शेवटच्या बाकावरची चष्मेवाली सोप्यात का?"

"अगं, तिच्या डोक्यात काही शिरत नाही. तिची थोरली बहीणही तशीच होती."

"पण तुम्ही तिला विचारलंत कधी?"

"रोज विचारते!"

शिकाऊबाईने वही पुढे सरकवली. बाई कुणाला काय विचारतात, ते सगळं तिला कोर्ससाठी टिपून ठेवावं लागायचं. पहिल्या बाकाला महिन्यात एकेचाळीस प्रश्न. चष्मेवालीला पाच! 'खिडकी लावतेस का? डस्टर कुठाय? खडू आणतेस? झोपलीस का? खिडकी लावतेस का?'

बाईंनी ते पाचही प्रश्न पुन्हा वाचले.

"जे मागितलंत ते तिने दिलं, बाई," शिकाऊबाई हळूच म्हणाली. "गणित मागितलंच नाही, तर देणार कुठून?"

तीनच्या तासाला बाईंनी फळ्यावर गणित लिहिलं. "चष्मेवाली, ऊठ." ती उठली आणि गुपचूप जाऊन खिडकी लावून आली! वर्ग फिस्सकन हसला. बाईंना मात्र कुठे तोंड लपवू असं झालं.

"अगं, खिडकी नको. हे सोडव."

तिने खडू घेतला. एरवी बाई दोन सेकंदांत "बस खाली" म्हणायच्या. आज ओठ दाबून थांबल्या. पहिली ओळ चुकली. तिने पुसली. दुसरी बरोबर! तिसरी पण! आणि तेवढ्यात घंटा झाली. गणित अर्धंच.

चारला दहा कमी. अर्ध्या गणितावर काय ठरवायचं? अवघड पेपरात पोरगी नापास झाली तर वर्ष वाया! बाईंनी तिलाच बाहेर गाठलं. "कुठला पेपर देशील?"

पोरगीने उलट विचारलं, "मला अवघड जमेल असं वाटतं तुम्हाला?"

"खरं सांगू? मला माहीत नाही गं. माझंच चुकलं, मी कधी बघितलंच नाही. पण आजपासून रोज एक गणित विचारीन. चुकलीस तरी दुसऱ्या दिवशी विचारीन."

"मग अवघड लिहा."

बाईंनी नाव खोडलं, दुसऱ्या यादीत लिहिलं आणि धावतच ऑफिस गाठलं.

निकाल अजून लागायचाय. बाईंचा जीव टांगणीला आहे. पण बघ ना, मुलाला काय येतं ते विचारायच्या आधीच आपण ठरवून मोकळे होतो, आणि मग ते मूलही स्वतःला तेवढंच समजायला लागतं! चुकतो आपण, आणि भोगायचं त्याने.

आता बोल. बाईंच्या जागी तू असतास, तर कुठल्या यादीत नाव घातलं असतंस?