सक्तीची खुशाली

कंपनीने आमच्या मनःस्वास्थ्याची काळजी घ्यायचं ठरवलं, तेव्हाच मला धडकी भरली होती. तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर, असं गाडं कसंबसं रुळलेलं. माझे घरचे दिवस मंगळवार-बुधवार. बुधवारी अकराला बाबांना गिळायला शिकवणाऱ्या बाई येतात. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांना पाण्याचा घोटही ठसकतो. घरचं माणूस समोर नसेल तर बाई शिकवत नाहीत, सांभाळायला ठेवलेल्या मावशी चालत नाहीत, आणि एक खाडा झाला की ती वेळ दुसऱ्या पेशंटला. पंधरा जण टपलेत.

नेमका बुधवारीच 'तणावमुक्ती वर्ग' निघाला. हजेरी सक्तीची, तीही ऑफिसात येऊन.

साहेबाला आम्ही घारोबा म्हणतो. घरून काम करताना आमच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला, की पाचव्या मिनिटाला याचा फोन. त्याला बाबांचं सांगितलं.

"अरे, तुमच्याच भल्यासाठी आहे हे. बहिणीला बसव."

"ती परगावी असते."

"बघ बाबा. हजेरी वर जाते."

गेलो. शेपूट घालून गेलो. चाळीस माणसं एका खोलीत कोंबलेली, भिंतीवरच्या पडद्याकडे तोंड करून. शिकवणारी पडद्यावर, तिच्या घरून. आणि घारोबा? तोही पडद्यावर, सोफ्यावर मांडी ठोकून.

"साहेब, तुम्ही आला नाहीत?"

"अरे, प्लंबर यायचाय. आपण उभं राहिल्याशिवाय हे लोक नीट काम करत नाहीत."

शेजारची हिशेबनीस माझ्या कानाशी पुटपुटली, "त्याच्या मोरीला आहे तेवढी किंमत तुझ्या बापाला नाही."

"खांदे सैल सोडा," पडद्यावरची म्हणाली. चाळीस जणांनी सोडले. मेंढरं सगळी. मीही सोडले, लपवत नाही.

साडेदहाला पिशवी उचलली.

"कुठे निघालास?" घारोबा.

"घरी."

"लेखी खुलासा द्यावा लागेल."

"देतो. त्यात प्लंबरचंही लिहितो."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाकीचे खांदे सैल सोडून बसले होते.

पोचलो तेव्हा बाई दारात चपला घालत होत्या. "दहा मिनिटं उशीर," म्हणाल्या, आणि चपला काढल्या.

पेजेचा पहिला चमचा बाबांनी माझ्या शर्टावर उडवला. दुसराही. फोन खिशात थरथरत होता, थरथरू दे. तिसरा चमचा न ठसकता खाली उतरला. बाबांनी चौथ्यासाठी तोंड उघडलं.