मोठ्या रस्त्याचं साटंलोटं

"गोमाजी, कुठं हायेस गा?" सुपरवायझरचा आवाज वॉकीटॉकीतून खरखरला.

"साट्यालोट्यावर!" गोमाजीने उत्तर दिलं आणि हिरवा झेंडा हलवून मुरमाचे टिप्पर सोडले.

मोहाडीकडून येणारा जुना रस्ता आणि नवा होऊ घातलेला मोठा रस्ता जिथे एकमेकांना भेटत होते, त्या जागेला कंपनीवाले इंटरचेंज म्हणत. गोमाजी तिथला झेंडेवाला. जन्मभर त्याने धान केलं. गुडघ्यांनी चिखलात उतरायला नकार दिला, तेव्हा नारिंगी जाकीट चढवून तो इथे उभा राहिला. आल्या आल्या त्याने इंजिनियर टीना मॅडमला विचारलं होतं, "हे इंटरचेंज म्हंजे काय वो मॅडम?"

मॅडम पुण्याच्या, आणि घाईत. "अदलाबदल, काका," एवढं म्हणून त्या जीपमध्ये बसल्या.

गोमाजीला चटकन उमगलं. तुमची मुलगी आमच्या घरात, आमची तुमच्या घरात, ही अदलाबदल त्याच्या गावाला काही नवी नव्हती. "म्हंजे साटंलोटं म्हना की!" तेव्हापासून टिप्परवाल्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळेच त्या जागेला साटंलोटं म्हणू लागले. मॅडमच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, हळू बोला हो! साहेब आणि ठेकेदारांचं साटंलोटं म्हणून उद्या पेपरात छापून येईल." असं म्हणून त्या पोट धरून हसल्या होत्या.

आज मात्र गोमाजीला स्वतःच्याच शब्दाची धास्ती वाटत होती. त्याच्या घरात खरंखुरं साटंलोटं होतं, आणि काल संध्याकाळी ते उसवलं होतं.

केवळरामची मुलगी हर्षा त्याने आपल्या मुलाला, राजकुमारला करून घेतली होती, आणि आपली लेक रेणू केवळरामच्या सचिनला दिली होती. एकच मांडव, एकच जेवणावळ, दोन लग्नं. रेणू नर्सिंग शिकलेली. भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात तिला नोकरी मिळत होती. सासू कुंताबाई म्हणाली, सून बाहेर गेली तर घर कोण बघणार? सचिन मूग गिळून बसला. रेणूने बॅग भरली आणि ती माहेरी आली.

आता रिवाज असा, की साट्यालोट्यातली एक मुलगी रुसून परत आली की दुसरीलाही तिच्या बापाने परत न्यायची. तिचं काही बिघडलेलं नसलं तरी. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते हेच.

हर्षाचं तर काहीच बिघडलेलं नव्हतं. राजकुमार चिखल्याच्या खाणीत कामाला, रविवारीच घरी यायचा, आणि शनिवारपासूनच स्वयंपाकघरात हिचं गुणगुणणं सुरू व्हायचं. सून म्हणून आलेली ही पोरगी कधी लेक झाली ते गोमाजीला कळलंच नव्हतं. ती गेली तर घास उतरणार नाही, एवढं मात्र त्याला पक्कं कळत होतं. सकाळपासून त्याने राजकुमारला फोन लावून पाहिला. पण खाणीत खाली फोन कुठला लागायला!

दुपारी टीना मॅडम पुलाच्या सावलीत डबा खायला आल्या. गोमाजी तिथेच बसला होता, डबा न उघडता.

"काका, आज गप्प?"

"मॅडम, एक इचारतो. इथं एका रस्त्यावर भांडन झालं, जाम लागला, त दुसरा बी बंद पडन का?"

"नाही हो. ते चौकात होतं. एक अडला की सगळे अडतात. इथे एक रस्ता खालून, एक वरून. ज्याला बदलायचा त्याने वळसा घेऊन बदलावा, बाकीचे आपले सरळ जातात."

"मंग माह्या झेंड्याचं काय काम?"

"काम पूर्ण झालं की काहीच नाही!"

गोमाजीने पुलाकडे पाहिलं. "मंग मी नावच चुकीचं ठेवलं, मॅडम," तो म्हणाला. "साटंलोटं त चौक हाये."

जेवणाची सुट्टी संपली. डायव्हर्जनवर एका वेळी एकाच बाजूची वाहनं जात. गोमाजीने मोहाडीकडच्या रांगेला हिरवा झेंडा दाखवला, आणि त्या रांगेतच त्याला केवळरामची मोटरसायकल दिसली. मागे हर्षा. मांडीवर बॅग, डोळे सुजलेले.

गोमाजीने लाल झेंडा वर केला.

"इवाई, हे काय?" व्याही केवळरामने गाडी थांबवली. "घरी जाऊन आलो. तुमी नव्हते. इवाईनबाईले सांगून घेऊन जाऊन राहिलो. रिवाज हाये."

"तुमी काहीच नोका बोलू." गोमाजी सुनेकडे वळला. "हर्षा, तुले जायचं हाये का?"

मागून टिप्परचे भोंगे सुरू झाले. वॉकीटॉकी बोंबलायला लागला. गोमाजीचा झेंडा हलला नाही.

हर्षा गाडीवरून उतरली. "नाई जायचं, मामाजी. पन मले कोनी इचारलंच नाई."

"ऐकलं ना?" गोमाजी म्हणाला.

केवळरामची मान खाली गेली. वाईट नव्हता तो. लोक काय म्हणतील याचं ओझं त्याच्या पाठीवर कुंताबाईने सकाळीच लादून दिलं होतं. "मंग मी असाच हात हलवत जाऊ का घरी?"

"बाबा," हर्षा म्हणाली, "रेणूताईले तरी कोनी इचारलं?"

काल रात्रभर गोमाजीने व्याह्याला शिव्या घातल्या होत्या, पण रेणूला विचारलं त्यानेही नव्हतं.

"रेणू घरीच हाये," गोमाजी हळूच म्हणाला. "जा, इचारा. घेऊन जा म्हनत नाई मी. इचारा."

केवळरामने गाडी गोमाजीच्या घराकडे वळवली. हर्षा पुन्हा मागे बसली.

संध्याकाळी गोमाजी घाईघाईने घरी पोहोचला, तेव्हा केवळराम अंगणात खाटेवर बसलेला. दुपारपासून तो तसाच बसून होता, असं बायकोने खुणेने सांगितलं. धान, ऊन, बैल, सगळं बोलून झालं होतं. दाराशी रेणू उभी होती, डोक्यावर पदर.

गोमाजीला पाहून केवळरामला धीर आला असावा. त्याने घसा खाकरला. उभ्या जन्मात त्याने कुठल्या सुनेला असं विचारलं नव्हतं, त्यामुळे शब्द कुठून सुरू करायचे तेच त्याला कळेना.

"बेटा," तो शेवटी म्हणाला, "तुले... तुले काय वाटते?"

रेणूने सासऱ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. सासऱ्यापुढे सून बसत नाही. तिने कोपऱ्यातला पाट ओढला आणि खाटेसमोर ठेवला.

"बसून सांगू का, मामाजी? येळ लागन."

आणि उत्तराची वाट न बघता ती बसली.

"लागू दे," केवळराम म्हणाला, आणि ऐकायला खाटेवर थोडा पुढे सरकला.