रिकाम्या रकान्यातले रघुजी

बनशंकरीच्या आप्पाजींनी घराण्याचा कुलवृत्तांत वेबसाइटवर चढवला, तेव्हा नातेवाइकांनी तो फारसा वाचला नाही. आपलं नाव आहे ना, एवढं पाहून घेतलं. मृत्यूच्या तारखेचा रकाना भरलेला असला की संगणक नावामागे ‘कै.’ लावी, रिकामा असला की ‘श्री.’ किंवा ‘सौ.’. एवढ्या साध्या नियमावर सगळं घराणं सुखाने जगत-मरत होतं.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात आप्पाजींना कुणीतरी सांगितलं, की ज्या विंडोज एन.टी.वर साइट चालते तिचा परवाना विकत घ्यावा लागतो, आणि लिनक्स म्हणून काहीतरी आहे ते फुकट मिळतं.

“फुकट? आणि तू आत्ता सांगतोस?” आप्पाजी भाच्यावर डाफरले.

भाचा उपेंद्र के. आर. पुरमच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचा. घरच्या लग्नात वाढायला उभं राहावं लागतं, तशी घरची साइट त्याच्या गळ्यात पडली होती. शनिवारी दुपारी, आप्पाजींच्या साडीच्या दुकानामागच्या खोलीत बसून, त्याने सगळं घराणं नव्या सर्व्हरवर हलवलं आणि निवांत झोपला.

रविवारी सकाळी पहिला फोन सुब्बाराव काकांचा.

“उपेंद्रा, मी वारलोय म्हणे.”

“कोण म्हणतं, काका?”

“तुझी साइट. एक जानेवारी एकोणीसशे सत्तर, पहाटे साडेपाच. अरे, माझं लग्न पंचाहत्तरचं! हिला काय सांगू?”

नऊ वाजेपर्यंत दोनशे अकरा जिवंत माणसं कैलासवासी झाली होती. उपेंद्र दुकानात धावला. चूक तशी बाळबोध होती. जुनी यंत्रणा रिकामा रकाना रिकामाच ठेवायची. नवीने त्याचं शून्य केलं. आणि या नव्या यंत्रणेचं सगळं कालमापनच सत्तर सालच्या पहिल्या जानेवारीच्या शून्य क्षणापासून, म्हणजे आपल्याकडच्या पहाटे साडेपाचपासून, सुरू होतं. त्याने दोन ओळी बदलल्या. दोनशे दहा माणसं उठून बसली. सुब्बारावांच्या पत्नीने, आता नक्की ना, असं फोन करून विचारून घेतलं.

एक माणूस मात्र उठला नाही. कै. रघुजी, आप्पाजींचे थोरले बंधू.

रघुजी एकोणतीस वर्षांपूर्वी घरातून निघून गेले ते गेलेच. बारा वर्षं वाट पाहून, रिवाजाप्रमाणे दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचं आप्पाजींनी ठरवलं होतं. तानूबाईंनी, रघुजींच्या बायकोने, तो विधी होऊ दिला नाही. अजून त्या ठसठशीत कुंकू लावत. त्यांच्या नजरेला हे पान पडायच्या आत ते ‘कै.’ काढायला हवं होतं.

उपेंद्रने फाइल उघडली. रघुजींचा रकाना रिकामा होता. पान उघडलं. कै. रघुजी, पहाटे साडेपाच. त्याने नाव पुसून पुन्हा लिहिलं. फाइलीत काही नाही, पानावर तारीख. त्याच नियमाने शेजारचे सुब्बाराव धडधडीत जिवंत होते.

“स्वल्प सरक बाबा, मला दिसत नाही.”

तानूबाई केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे.

“मामी, यंत्राची चूक आहे. आत्ता काढतो.”

“कितीदा उठवशील त्यांना? राहू दे.” त्यांनी पडद्याजवळ तोंड नेलं. “त्या दिवशी गुरुवार होता ना?”

उपेंद्रने कॅलेंडर काढून पाहिलं. गुरुवार.

“मार्गशीर्षातला. माझा उपास होता. भांडून निघाले, तेव्हा घड्याळाकडे बघितलं मी. साडेपाच.”

“पण मामी, मामा संक्रांतीनंतर गेले ना? आप्पामामांनी तसंच लिहून दिलंय.”

“मी तसं सांगितलं होतं त्यांना. कामावर गेलेत, रात्री उशिरा येतात, असं पंधरा दिवस दाबून नेलं. रोज दुपारी त्यांचं ताट झाकून ठेवायचं आणि देवीला जाऊन यायचं. परत आले की ताट रिकामं. हात धुतलेलं पाणीसुद्धा ताटातच, त्यांची सवय. म्हटलं, राग आहे, पण मी नसताना येऊन जेवून जातात. सोळाव्या दिवशी ताट तसंच राहिलं, तेव्हा आप्पाजींना कळवलं. जेवून गेलेल्या माणसाचा पुतळा कसा जाळू देणार मी?”

पुढे दुकानात आप्पाजी कुणाला तरी साडीचा रंग जात नाही असं शपथेवर सांगत होते.

तानूबाई पडद्यावरच्या तारखेकडे बघत राहिल्या. मग पदराच्या टोकाने त्यांनी कपाळ पुसलं. घाम टिपावा इतक्या सहज.

“सरी, ठीक. आप्पामामाला सांग, विधी करा. पण पानं दोन वाढा.”

“दोन?”

“एक ह्यांचं, त्या पहाटेच गेले ते. दुसरं पंधरा दिवस जेवून गेला त्याचं.”

“त्याचं… नाव काय सांगू, मामी?”

“नाव माहीत असतं,” तानूबाई चपला पायात सरकवत म्हणाल्या, “तर तेव्हाच विचारलं नसतं का, भात आणखी वाढू म्हणून?”