पुलाची पाठ

कालव्यावरचा तो पूल मधोमध उंच होता, मांजराने पाठ फुगवावी तसा. कधीकाळी खालून मालाच्या होड्या जायच्या, त्यांची छपरं अडू नयेत म्हणून तो तसा बांधला होता. होड्या बंद होऊन दोन पिढ्या लोटल्या, पण पुलाचा ताठा काही उतरला नाही. सायकलवाले चढाला उतरायचे, म्हातारे कठड्याला टेकून दम खायचे आणि इस्त्रीवाली चादरींची हातगाडी ओढताना रोज घामाघूम व्हायची.

चढाच्या पायथ्याशीच तिच्या थोरल्या जावेचा फळांचा गाळा होता. घराच्या वाटणीवरून दोघींचं फाटलं होतं. बोलणंचालणं बंद. पण एकदा गाडी हातातून सुटली ती मागे घसरत थेट संत्र्यांच्या ढिगात घुसली. तेव्हापासून गाडी दिसली की जाऊ बाह्या सरसावून उठायची आणि मागून जोर लावायची.

"मदत समजू नकोस हं. माझा माल वाचवतेय."

"मी कुठे बोलावलंय तुम्हाला?" इस्त्रीवाली मान न वळवता म्हणायची.

दिवसभरात दोघींचं बोलणं ते एवढंच.

मग नगरपालिकेने पुलाची पाठ कापली. नवा पूल तळहातासारखा सपाट झाला, ट्रक धावू लागले. पहिल्या दिवशी इस्त्रीवालीची गाडी खेळण्यासारखी पळाली. जाऊ सवयीने उठली, दोन पावलं पुढे आली आणि परत जाऊन बसली.

असे बरेच दिवस गेले. अंगावरचं ओझं उतरलं होतं, तरी इस्त्रीवालीला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

"सुटलीस ना एकदाची तिच्या तावडीतून?" नवरा म्हणाला.

तिने त्याच्या शर्टावर इस्त्री जरा जास्तच दाबली.

शेवटी एका दुपारी परतताना ती गाळ्यापुढे थांबली. "ऊन फार आहे," एवढंच म्हणाली.

"चढ होता तेव्हा रोज यायचीस," जाऊ म्हणाली. "आता सपाट झालाय तर पाय दुखतात?"

"तुम्ही तरी कुठे हाक मारलीत?"

जावेने एक रिकामं खोकं पालथं घालून तिच्याकडे सरकवलं. ती बसली. वाटणीचा विषय दोघींनीही काढला नाही. तो पुढेही कधी मिटला नाही. जावेने सासूबाईंच्या गुडघ्याचं विचारलं आणि इस्त्रीवाली अगदी पहिल्यापासून सांगायला लागली. शेजारून ट्रक जात होते, त्यामुळे तिला जरा ओरडूनच बोलावं लागत होतं.