रांग संपेपर्यंत

"आईला तव्यापुढे बसवू नकोस," नणंदेनं फोनवर बजावलं होतं. "तिला 'पुरे' म्हणता येत नाही. शेवटचं माणूस खाईपर्यंत ती जागची हलायची नाही."

नोएमी हसली होती. "अगं लेती, लग्नाची पंगत आहे का ती? कॉलेजातला चार तासांचा कार्यक्रम. उलट मिरवतील त्यांना."

मिरवलंच. हिस्पॅनिक वारसा महिन्याचा पहिला शुक्रवार होता. पटांगणावर कागदी पताका, गिटार-ट्रम्पेटवाले, आणि मधोमध तिच्या सासूबाई ओबदुलिया, ज्यांना सगळे मानानं 'दोन्या' म्हणत, भरतकामाचा एप्रन बांधून मक्याच्या टॉर्टिया थापत होत्या. "यंत्रावरच्या नकोत, हातच्या हव्यात," असं समितीत नोएमीनंच सुचवलं होतं. बालशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होती ती. वर्गातल्या पोरी सासूचे फोटो काढत होत्या, तेव्हा तिला, खोटं कशाला बोला, अभिमानच वाटत होता.

ऊन मात्र कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यातलं, सप्टेंबरातही अंगाची लाही करणारं. नोएमीच्या कडेवर तिचा नऊ महिन्यांचा सांती. दर दहा मिनिटांनी ती त्याचं कपाळ चाचपायची, टोपी सारखी करायची, दोन घोट पाणी पाजायची. येता-जाता सासूकडेही डोकवायची.

"दमलात का, दोन्या?"

"दमायला काय द्राक्षं खुडतेय? त्या उंच पोराला दे आधी. बघ कसा वाळलाय! आईनं घराबाहेर काढलंय वाटतं."

रांग खिदळली. पोरगा लाजला आणि तीन घेऊन गेला.

"थोडं उठा तरी."

"माणसं उभी आहेत, पोरी. उभ्या माणसांपुढे तवा उतरवायचा?"

माइकवर प्राचार्यबाई म्हणाल्या, "आपल्या आज्यांचे हात हाच आपला वारसा." टाळ्या पडल्या. दोन्यांनी मान वर केली नाही. तव्यावरची उलटायची होती.

तीनच्या सुमाराला थापण्याचा आवाज थांबला. नोएमीनं वळून पाहिलं. दोन्या होत्या तशाच बसल्या होत्या, हातात ओला गोळा घेऊन. तव्यावरची जळत होती.

"लेती, ट्रक आला का गं?" त्यांनी नोएमीलाच विचारलं.

शेतावरून मजुरांना घरी सोडणारा तो ट्रक बंद होऊन वीस वर्षं झाली होती. ओठ पांढरे पडले होते. कपाळ तापलेलं, आणि कोरडं ठणठणीत. घामाचा टिपूस नाही.

नोएमीनं सकाळी टेबलाखाली पाण्याच्या सहा बाटल्या ठेवल्या होत्या. पाच सासूबाईंनी रांगेतल्या पोरांना वाटून टाकल्या होत्या. सहावीचं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

"पाणी का नाही प्यायलात?" हॉस्पिटलात त्या भानावर आल्यावर तिनं विचारलं. आवाज चढलाच.

"प्यायल्यावर जायचं कुठे? बाथरूम त्या इमारतीत, आणि तिचं दार तुमच्या कार्डाशिवाय उघडत नाही. तुझ्या कडेवर पोर, तुला कितीदा हाक मारायची?" मग समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "मळ्यातही आम्ही असंच करायचो. लांब लांबपर्यंत आडोसा नसायचा. कामाच्या दिवशी बाया पाणी पीत नाहीत, पोरी."

ते कार्ड दिवसभर नोएमीच्या गळ्यात लोंबत होतं.

तीस वर्षं असं तहानेत काढलेल्या मूत्रपिंडांनी त्या दुपारी हात टेकले. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डॉक्टरांनी पाण्यावरही बंधन घातलंय. त्यामुळे आता दोन्या पाणी मागतात, आणि नोएमी लहानशा कपात मापून देते. त्या ते सावकाश पितात, कप उपडा करून बघतात, आणि "बास झालं हं," असं उलट तिलाच सांगतात.

तुमच्याकडेही कुठला ना कुठला समारंभ असेलच. जेवून झालं की जरा मागच्या बाजूला जा. चुलीशी कुणी बाई बसली असेल, तिला पाहून या. "काही हवंय का?" असं विचारू नका, ती नाहीच म्हणेल. तिचं काम हातातून काढून घ्या, तिला धरून उठवा, आणि दारापर्यंत सोबत जा.